बघायचा स्वयंपाक

मावशी पाककृतींची पुस्तकं उभ्याने वाचायच्या. बसून वाचलं की भूक लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. विटेएवढं जाड पुस्तक डाव्या हातावर तान्ह्या बाळासारखं आडवं घ्यायचं, उजव्या हाताने पान उलटायचं आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायचं. चारकोपच्या त्या घरातली बाहेरची खोली काही फार लांब नव्हती. एक पाककृती वाचून होईपर्यंत पुष्कळ फेऱ्या व्हायच्या, आणि प्रकरण बिर्याणीसारखं गुंतागुंतीचं असलं तर संध्याकाळी त्या पायांना तेल चोळत बसलेल्या दिसायच्या.

"आज काय केलंत?" मी कॉलेजातून आल्यावर विचारायचे.

"मोरोक्कोचं मटण. पाय गेले माझे."

जेवायला मात्र डाळ, भात आणि भाजलेला सुका बोंबील.

मी त्यांची भाडेकरू होते. आतली लहान खोली माझी, बाहेरची त्यांची आणि पुस्तकांची. मी जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. त्या विक्रोळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा भाचा त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. भाडेकरू म्हणून आले आणि नंतर घर सोडायचं कारणच उरलं नाही.

त्या गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. हे लिहायला मी अनेकदा बसले आणि चार ओळी झाल्यावर उठून घरभर फिरले. त्यांनी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. त्यांची सगळी पुस्तकं पुन्हा एका भिंतीवर लावायची. त्या कामाचं काय झालं ते सांगायचं आहे, पण त्याआधी ती पुस्तकं त्या भिंतीवरून गेली कशी ते सांगायला हवं, आणि त्याहीआधी ती आली कशासाठी ते.

"माझ्या हाताला चव नाही," हे मावशी कोणालाही पहिल्या भेटीत सांगून टाकायच्या. आपलं आडनाव सांगावं तसं. त्यात ना दुःख, ना विनय. त्यांच्या घरात हा निकाल त्यांच्या वहिनीने फार पूर्वी लावला होता आणि मावशींनी तो मान्य केला होता. त्यांची माशाची आमटी खरोखरच वाईट व्हायची. चिंच जास्त, मीठ कमी, आणि माशाचा तुकडा कधी सापडायचा, कधी विरघळून गेलेला असायचा. "ज्याला गाता येत नाही त्याने गाणं ऐकू नये काय?" असं त्या विचारायच्या आणि पुढचं पुस्तक उघडायच्या.

पहिलं पुस्तक त्यांना ऑफिसात मिळालं. कोणा बदली होऊन गेलेल्या साहेबाचं कपाट रिकामं करताना शिपाई ते रद्दीत टाकायला निघाला होता. परदेशी पुस्तक, वर संत्र्याच्या केकचा फोटो. मावशींनी ते मागून घेतलं, डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं आणि आईला दाखवलं. आई म्हणाली, "ह्या कोण करतला?" मावशी म्हणाल्या, "कोणी करूचा नाय. बघूचा." तेव्हापासून या सगळ्याला त्यांचा शब्द एकच होता, बघायचा स्वयंपाक.

पुढे फुटपाथवरची, रद्दीवाल्यांकडची, प्रदर्शनातली पुस्तकं येत गेली. इटलीचं, जपानचं, नुसत्या लोणच्यांचं, नुसत्या पावांचं. गुळगुळीत जाड कागद, कापडी बांधणी, काहींच्या आतल्या पहिल्या पानावर लिंबाच्या फांद्या नाहीतर मिरच्या छापलेल्या. मावशी आधी पुस्तकाचा वास घ्यायच्या, मग वजन बघायच्या, मग कुठेही उघडून फोटोवरून तळहात फिरवायच्या. माशाचा फोटो असला की चेहरा कठोर व्हायचा. "डोळा बघ. फोटो काढीस्तोवर शिळा झाला बिचारा."

दर रविवारी भिंतीवरच्या फळ्यांवरची सगळी पुस्तकं खाली यायची आणि नव्या क्रमाने वर जायची. कधी रंगाप्रमाणे, कधी देशांप्रमाणे, आणि त्यातही ज्यांची एकमेकांशी युद्धं झाली ते देश शेजारी येणार नाहीत असे. एकदा त्यांनी ती भुकेप्रमाणे लावली. सकाळची डावीकडे, रात्रीची उजवीकडे. दुपारपर्यंत ते पटेनासं झालं आणि पुन्हा सगळी जमिनीवर. मी वाटेत पसरलेल्या पुस्तकांवरून पाय उचलत न्हाणीघरात जायचे.

एकदा मी विचारलंच. "मावशी, आता सगळ्या रेसिपी फोनवर फुकट मिळतात. ही एवढी पुस्तकं कशाला?"

"फोनवरची बाई आधी तिच्या आजीची गोष्ट सांगते. मग साबणाची जाहिरात. मग पुन्हा आजी. तोवर माझा कांदा करपतो."

"पण तुम्ही कांदा टाकलेलाच नसतो."

"म्हणून वाचला. टाकला असता तर करपला असता."

मग थोडं चालून, खिडकीपाशी थांबून, त्या जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "त्या फोनला शेवट नाही गो. एक शिरा बघितला की खाली अजून वीस शिरे. पुस्तकात कोणीतरी ठरवलेलं असतं, हे घ्यायचं, हे नाही, आणि हे शेवटी. शेवटचं पान उलटलं की माझं पोट भरतं. फोन बघितला की नुसती वखवख."

इंटरनेटशी त्यांचं वैर होतं असं मात्र नाही. भाच्याच्या खात्यावरून त्या कुठून कुठून जुनी पुस्तकं मागवायच्या. "नेटने एक चांगलं काम केलं. पुस्तकं दारात आणली. आता त्याने तेवढंच करावं."

श्रावणात त्या माशांची पुस्तकं काढायच्या. एरवी नाही, श्रावणातच. समोरच्या दारातल्या सावंतकाकूंना हे सहन व्हायचं नाही.

"अगं, श्रावण आहे. बांगडा काय बघतेस?"

"बघते. चावत नाही."

"मनाने खाल्लं तरी मोडतोच."

"मग तू दर श्रावणात माझ्या दारात येऊन मनाने किती खातेस ते सांगू का?"

काकू रागाने दार लावून घ्यायच्या आणि दुपारी चहाच्या वेळेला पुन्हा यायच्या. दोघी एकाच वयाच्या, त्या इमारतीत एकाच वर्षी आलेल्या.

आता त्या पुस्तकांच्या देवघेवीबद्दल. मावशी पुस्तकं उसनी द्यायच्या, कोणालाही. कोणाकडे काय गेलं ते कुठे लिहून ठेवायच्या नाहीत. "लिहिलं की ती उधारी होते." कधी परत मागायच्या नाहीत, कारण मागितलं की ती वसुली होते. नियम एकच. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसंच पुस्तकही करायचं नाही. म्हणजे पुस्तक परत आणायचं तर त्यातलं काहीतरी करून एका वाटीत घेऊन यायचं. हाताला चव नसलेली ही बाई आपल्या पुस्तकांतला स्वयंपाक असा दुसऱ्यांच्या हातून खायची. आणि खाताना उभी नसायची. पाटावर मांडी घालून, डोळे मिटून.

नियम जुन्या माणसांना सांगावा लागत नसे. घोटाळा झाला तो नेहाच्या बाबतीत. नेहा दुसऱ्या मजल्यावर नवी सून म्हणून आलेली, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, चांगली मुलगी. तिने इटलीचं पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं.

"मावशी, मी ना सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. पुस्तकाला जास्त हातपण नाही लावला."

मावशींनी पुस्तक घेतलं, ते मागून-पुढून बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं आणि "बरं" म्हणून दार लावलं. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "रिकामं आणून दिलं."

हे सावंतकाकूंमार्फत नेहाच्या सासूपर्यंत पोचलं. सासूने सुनेला समजावलं, अगं, रिकामं द्यायचं नसतं, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. नेहा पुस्तक पुन्हा मागून घेऊन गेली. चारेक दिवसांनी हसतमुखाने परत आणलं, "या वेळी रिकामं नाही हं" म्हणत. या वेळी मावशींनीही तिला आत बोलावलं, पाणी दिलं. ती गेल्यावर पुस्तक भिंतीवर ठेवलं.

रविवारी पुस्तकं खाली काढताना भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसली. इटलीचं पुस्तक उघडलं तर आत, टोमॅटोच्या रस्स्याच्या पानावर, चिमूटभर साखर. सासूने सांगितली तशीच, व्यवस्थित पानात घातलेली. मुंग्या त्या लाल रस्स्यावर गर्दी करून होत्या.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मावशी पुस्तक हातात धरून जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पोरीने खरंच साखर घातली गो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. पान पुसलं, तरी चिकट राहिलं. ते पुस्तक नंतर त्या नेहाला स्वतः होऊन द्यायच्या. "घेऊन जा. आता ते तुझंच आहे, मुंग्यांनी सही केली आहे."

मग इमारत पाडायचं ठरलं. सोसायटीच्या मीटिंगा, आरडाओरड, सह्या, आणि अखेर बिल्डरचं पत्र, घरं रिकामी करा. नवी इमारत होईपर्यंत प्रत्येकाने भाड्याने कुठेतरी राहायचं. कोणी गोराईला घर बघितलं, कोणी दहिसरला, कोणी थेट विरारला. मावशींना भाचा विक्रोळीला आपल्याकडे घेऊन जाणार होता. त्याचं घर एवढंसं, त्यात तो, बायको आणि दोन लहान मुलं. पुस्तकांना जागा नव्हती.

भाचा वाईट नाही. त्याने आपल्या परीने उपाय काढला. "मावशी, आपण सगळी स्कॅन करू या ना. एका टॅबमध्ये बसतील. पुस्तकं मग देऊन टाकू कोणाला तरी." त्याने नमुन्याला एक पुस्तक भरून टॅब आणूनही दिला. मावशींनी तो प्रामाणिकपणे वापरून बघितला. डाव्या हातावर घेतला, चालायला लागल्या. दारापाशी पोचेपर्यंत पडदा काळा व्हायचा. बोट लावून जागा करायच्या, खिडकीपाशी येईपर्यंत पुन्हा काळा.

"मेल्याक झोप फार," त्या म्हणाल्या आणि टॅब परत दिला.

त्यांनी स्वतःचा उपाय केला. एका दुपारी दार उघडं टाकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून पुस्तक देत सुटल्या. कोणाला कोणतं द्यायचं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. सगळ्यांना एकच सांगणं, "इमारत झाली की आण." नेहाला अर्थातच इटली. काकूंना पावांचं. संध्याकाळपर्यंत भिंत उघडी पडली आणि तिच्यावर पुस्तकांच्या आकाराचे पांढरे डाग दिसू लागले. मला त्यांनी कोणतंच पुस्तक दिलं नाही.

"तुला काम देते. सगळी आली की एका भिंतीवर लाव. माझा हात आता वर पोचणार नाही. आणि मागायला जाऊ नकोस. आणून देतील."

"नाही दिली तर?"

"देतील गो. ती काय पुस्तकं आहेत? भांडी आहेत ती."

मी बोरिवलीला खोली घेतली. शनिवारी विक्रोळीला जायचे. भाच्याच्या बायकोने त्यांना सांभाळलं, तक्रारीला जागा नव्हती. पण मावशी तिथेही खिडकीपासून दारापर्यंत चालायच्या, आणि हातात काही नसताना डावा हात तसाच दुमडलेला असायचा. मुलं मागे मागे चालत नक्कल करायची. "कोणाचा फोन आला होता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणजे इमारत कुठवर आली. मी खरं सांगायचे, पाया झाला, तीन मजले झाले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. एका शनिवारी मी पोचायच्या आत त्यांना दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथून त्या घरी आल्या नाहीत.

इमारत त्यानंतर झाली. माणसं परत आली. मावशींचं घर भाच्याच्या नावावर झालं आणि त्याने चावी माझ्याकडे दिली. "ताई, तुम्ही पुस्तकं लावून घ्या. मी घर भाड्याने देणार आहे, पण एक भिंत पुस्तकांना राहू दे असं भाडेकरूला सांगेन. मावशीसाठी तेवढं करू या." मी भिंतभर फळ्या ठोकून घेतल्या. मग वाट बघत बसले.

कोणी आलं नाही. म्हणजे दोन-तीन पुस्तकं आली, वर शिऱ्याची नाहीतर केकची वाटी ठेवून. मी ती मधल्या फळीवर उभी केली. पुरेशी नसल्यामुळे ती सारखी आडवी पडायची. बाकीच्यांचं काही नाही. मागायला बंदी होती. मी बोरिवलीहून येऊन त्या मोकळ्या खोलीत चालत राहायचे, मग न राहवून कोणाचीतरी घंटी वाजवायचे, सहज आले म्हणून.

सगळ्यांनी चहा दिला. सगळे मावशींबद्दल बोलले. एका घरी पुस्तक फ्रीजवर दिसलं, पानं तेलाने पारदर्शक झालेली. एका घरी मुलगी त्याच्यावर वही ठेवून अभ्यास करत होती. नेहाचं घरूनच काम चाललं होतं. "ताई, ते पुस्तक ना, मी शोधते हं, कुठेतरी आहे," असं ती म्हणाली तेव्हा तिचा लॅपटॉप इटलीवरच उभा होता. बरोबर उंचीला आला होता. मी चहा संपवून उठले.

जिन्यात उभी राहून मी स्वतःशी भांडायचे. मावशी म्हणाल्या होत्या मागू नकोस, आणि मावशी म्हणाल्या होत्या एका भिंतीवर लाव. दोन्ही एकदम होत नव्हतं.

शेवटी राहिल्या सावंतकाकू. त्या आता सातव्या मजल्यावर होत्या. त्यांनी चहा टाकला नाही. मला बसवलं, समोर बसल्या.

"तुला पुस्तक हवंय."

"मी काही म्हटलं नाही, काकू."

"म्हणायला कशाला पाहिजे? आल्यापासून कपाटाकडे बघतेयस." त्यांनी पदर खोचला. "मी नाही देणार. तिने दिलं तेव्हा काय म्हणाली माहितीय? इमारत झाली की माझ्या हातात आणून दे. माझ्या हातात. आण तिचा हात, देते."

काकूंचा आवाज चढला.

"भिंतीवर लावलंस की झालं ना मग? झालं, संपलं, सगळ्यांनी परत दिलं. मला नाही द्यायचं परत. लोक म्हणू देत बाईने पुस्तक ढापलं."

तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता. भाडेकरू दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येणार होता. "ताई, तो विचारतोय, त्या फळ्यांवर काही ठेवणार आहात का? नाहीतर काढून टाकतो म्हणतो, तिथे टीव्ही लावायचाय. काय सांगू?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मला फ्रीजवरचं ते तेलकट पुस्तक दिसलं, अभ्यास करणारी मुलगी दिसली. आणि मी हेही पक्कं जाणून होते की मावशींना भिंतच हवी होती. मावशींनाही हे असंच आवडलं असतं, असं आता म्हणणं सोपं होतं, खरं नव्हतं.

"टीव्ही लावू दे," मी म्हटलं. "आहेत ती दोन-तीन मी घेऊन जाते."

फोन ठेवला. काकू उठल्या, कपाटातून पावांचं पुस्तक काढलं. ते जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. माझ्या मांडीवर ठेवलं.

"न्यायला नाही देत आहे. वाच. मला कुठे इंग्लिश येतंय. ती रोज दुपारी वाचून दाखवायची, मराठी करून. तिच्यानंतर उघडलं नाही मी."

मी कधीच त्या वेळेला घरी नसायचे. मला हे माहीत नव्हतं. मी पहिली पाककृती काढली. दोन दिवस पीठ आंबवून करायचा कुठल्यातरी डोंगराळ गावातला काळा पाव. मी शब्द जुळवत वाचू लागले. "तीन वाट्या राय नावाच्या धान्याचं पीठ, कोमट पाणी..."

"तशी नको," काकू म्हणाल्या. "ती तशी वाचायची नाही."

"मग कशी?"

"ती आधी सांगायची, हे आपण काही करणार नाही आहोत. मग वाचायची."

मी पान पुन्हा सरळ केलं.

"हे आपण काही करणार नाही आहोत," मी म्हटलं.

"हं," काकू म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. "आता सांग, पीठ किती?"